गुलाबाची कातरलेली पानं

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर चिखलीतल्या घरामागे मी चार कुंड्या ठेवल्या आणि बाकीची जागा तशीच सोडून दिली. तिथे कंबरमोडी आपोआप पसरली, कुंपणाशी भुईरिंगणीची जांभळी फुलं आली. सकाळचा चहा मी तिथेच घ्यायला लागले.

एप्रिलमध्ये एक दिवस गुलाबाच्या पानांच्या कडा गोल गोल कातरलेल्या दिसल्या. एक-दोन नाही, बहुतेक सगळ्याच पानांच्या. इतकं साफ काम किडीचं वाटेना. भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या आपा राहतात. त्यांची नऊ वर्षांची नात ओट्यावर कैची घेऊन चिंध्यांची फुलं करत बसायची आणि चेंडू आणायला माझ्या अंगणातही यायची. मी दुसरा विचारच केला नाही. भिंतीवरून ओरडले, "काऊन वं, माह्या गुलाबाची पानं कापून राह्यली तू?"

"मी नाही कापली."

"मंग कोनं कापली?"

ती रडली नाही. कैची खाली ठेवली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा आल्या. चेहरा उतरलेला. "सिस्टर, पान दाखवा बरं," म्हणाल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी पानाची कड अंगठ्याने चाचपली. "सारी उमर ब्लाउजचे गळे कापले मी. कैचीनं एवढं गोल येत नाही. अन् लेकराच्या हातानं तं नाहीच."

मग कोण कापतं ते बघायचं ठरलं. दोघी खुर्च्या टाकून बसलो. दहाच्या सुमारास मधमाशीसारखीच, पण जरा बुटकी, काळपट माशी पानाच्या कडेवर येऊन बसली. जबड्याने कापत गोल फिरली आणि तुकडा सुटताच तो पोटाखाली धरून उडाली. बटण लावायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"या अल्ला!" आपा म्हणाल्या. "मापबी घेत नाही!"

माशी भिंतीवरून पलीकडे गेली. आपा लगबगीने तिच्या मागे गेल्या आणि थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "सिस्टर, इकडं या! चोर माह्याच घरी राह्यते!"

त्यांच्या अंगणात लोखंडी पलंग होता. त्याच्या एका पाइपाचं टोपण पडलं होतं आणि माशी हिरवा तुकडा घेऊन त्या भोकात शिरत होती. पुढे मी वाचलं, की ती पानांची पुंगळी करून तिच्यात अंडं घालते आणि पिल्लासाठी आत पराग भरून ठेवते. आपा उन्हाळ्यात त्याच पलंगावर अंगणात झोपायच्या. त्या वर्षी त्यांनी घरात चटई टाकली. "हलवला तं बिचारीचं घर मोडंन," म्हणाल्या.

मी नातीसमोर जाऊन म्हटलं, "बेटा, चुकलं माह्यं. न पाहता बोलली मी."

"हाव," ती म्हणाली. वर बघितलं नाही. त्यानंतर तिचा चेंडू माझ्याकडे आला की ती आपांना पाठवायची.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही तिघी ज्ञानगंगा अभयारण्यात गेलो, बुलढाण्यापर्यंत एसटीने आणि पुढे जीपने. सागाची पानं गळून गेली होती, पण कुड्याला पांढरी फुलं होती आणि एक बहावा नुसता पिवळा झाला होता. माझा गुडघा दुखायला लागला म्हणून मी त्याच्याखाली दगडावर बसले. आपा डबा उघडायला पुढची सावली शोधत गेल्या. नात मात्र थांबली. वर मोठाले काळे भुंगे घुमत होते.

"सिस्टर, हे चावते का?"

महिन्याभरात ती आपणहून बोलली ते पहिल्यांदाच. मी हो म्हणणार होते, पण थांबले.

"मले नाही माहीत. पाहू बसून."

ती दगडाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. एक भुंगा फुलाला लोंबकळला, तशी पाकळ्या खाली आल्या. तो उडाला तेव्हा त्याच्या पाठीवर पिवळी पूड दिसली. असे चार-पाच आले आणि गेले. आमच्याकडे कोणी फिरकलं नाही.

"पावडर लागली त्याले," ती म्हणाली. मग सरकत जवळ आली आणि माझ्या केसांत अडकलेली एक पाकळी तिने काढून टाकली.

"भाकरी गार झाल्या ना वं!" पुढून आपा ओरडल्या.

"थांब ना, आजी," ती म्हणाली. "आमी पाहून राह्यलो."