मालतीताईंचा रविवार

हे मी आजवर कुणाला बोलले नाही — नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं गाव पेण तालुक्यातलं, खाडीकाठचं. पुरुष दिवसभर मिठागरावर राबायचे आणि संध्याकाळी गावठी दारूच्या भट्टीवर जायचे. मालतीताई आल्या त्या ही भट्टी बंद करायला. राहिल्या आमच्याच पडवीत. बायांना घेऊन त्या भट्टीच्या वाटेवर बसायच्या. गिऱ्हाईक आलं की समोर त्याचीच बायको. पुरुष मान खाली घालून परत फिरायचे. हळूहळू भट्टी थंडावली.

मला मात्र एकच कोडं — ही बाई हे का करते? हिला काय मिळतं यातून? दर रविवारी त्या एस.टी.नं रोह्याला जायच्या. कुठे, विचारलं तर म्हणायच्या, "काम असतं, वहिनी." एवढंच. अशानं माणसाला चैन पडेल का? एका रविवारी मी तोंडावर पदर ओढून त्याच गाडीत मागे बसले.

रोह्याजवळच्या वरसे गावात एका घराच्या ओटीवर ताई एका लहान मुलीची वेणी घालत होत्या. "आई, आजच्या दिवस राहा ना," मुलगी म्हणत होती.

पुढे होऊन विचारता आलं असतं. नाही विचारलं. उलट — कसं सांगू — मला बरं वाटलं. सगळं गाव जिला देवमाणूस म्हणायचं, ती आपल्याहून उणी निघाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारच्या सुगंधाला म्हटलं, "स्वतःची पोर वरशाला दुसऱ्याच्या दारात टाकलीय गो, नि आलीय आमचे संसार सुधारायला."

"व्हय?" सुगंधा हातातला पोहरा तसाच धरून उभी राहिली.

तिच्याकडून गावभर झालं. बाया वाटेवर बसायच्या थांबल्या. ताईंनी मला विचारलं, "बाया का येत नाहीत हो, वहिनी?"

"मिठाची घाई हाय," मी म्हटलं.

मग भट्टीवाल्याची माणसं वरशाला त्या घरासमोर जाऊन उभी राहिली. ताईंनी सामान बांधलं, तेव्हा मला सगळं सांगितलं. आधीच्या गावातल्या भट्टीवाल्यानं पोर उचलून नेईन म्हणून धमकावलं होतं — म्हणून तिला बहिणीकडे लपवलं होतं.

"कुणी सांगितलं असेल हो यांना?"

मी त्यांची सतरंजी गुंडाळत होते. "काय माहीत," म्हटलं.

मुलीला घेऊन त्या कुठे गेल्या, कधी कळलं नाही. भट्टी पुन्हा पेटली. पुढे बायाच पुन्हा वाटेवर बसल्या, ताईंनी शिकवलं होतं तशा, आणि भट्टी कायमची बंद झाली. तेव्हाच्या सभेत कुणीतरी विषय काढला — ताईंच्या पोरीचं ठिकाण कुणी फोडलं?

सुगंधा उठून उभी राहिली. "माझ्या तोंडून गेलं," म्हणाली. कुणाकडून ऐकलं, ते तिनं सांगितलं नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते. बसूनच राहिले.

त्यानंतर कित्येक वर्षं सुगंधाला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मला बोलावणं यायचं. मी जायचे.