मिस्सा लांबली नव्हती

एका रविवारी मी ख्रिस्तप्रसाद स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि विसरून गेलो. पान्याशेजारी, तेलकट फडक्यावर, पाच तास. मग ते लपवायला एका आजारी बाईशी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला गेलो की मी ते सौम्य करून सांगतो.

ज्यांना चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला येता येत नाही, त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोचवायला लोणावळ्याच्या आमच्या फादरांनी दोघातिघांना नेमलं होतं. मी त्यातला एक. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली पातळ भाकर; आमच्यासाठी ती ख्रिस्ताचं शरीरच. मिस्सा संपली की फादर तो ठेवलेली छोटी सोनेरी डबी हातात देत. ती कातडी पाकिटात घालून गळ्यात अडकवायची, शर्टाच्या आत. "वाटेत थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत," फादर दर वेळी बजावत. "तू एकटा चाललेला नाहीस." पवनानगरपर्यंत ती डबी छातीला टेकलेली असायची. खड्डा आला की हात आपोआप तिच्यावर जायचा.

तिथं धरणाजवळच्या एका खोलीत मावशी राहायच्या. नवरा धरणावर वॉचमन होता. तो वारल्यावरही त्यांनी खोली सोडली नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर होत्या. कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेण्याआधी तासभर उपास पुरतो, आजाऱ्यांना तेवढाही लागत नाही. पण मावशी जुन्या वळणाच्या. मी येईपर्यंत चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.

टेबलावर पांढरा रुमाल, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी ही मांडामांड शेजारीण करायची. ती शेतकऱ्याच्या घरातली, हिंदू. माझी स्कूटर दिसली की ती घरातला टीव्ही बंद करायची, चपला काढायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि मावशींच्या दाराशी उभी राहायची. एकदा मला फोन आला आणि मी दारातच बोलत राहिलो, तर म्हणाली, "देव गळ्यात हाय आन् ध्यान कुटं हाय?" मी हसलो होतो.

पोटापाण्यासाठी मी पर्यटकांना बंगले भाड्यानं देतो. त्या रविवारी चर्चच्या फाटकातून निघतो तोच फोन वाजला. गीझर चालत नाही, पाहुणे वैतागलेत. बंगला वाटेवरच होता. दहा मिनिटांचं काम, असं मनाला सांगितलं. गीझरखाली वाकल्यावर डबी भिंतीवर आपटायला लागली, म्हणून बाहेर येऊन डिकीत ठेवली. गीझर झाल्यावर पंपाचं काम निघालं. मग पाहुण्यांनी जेवायचा आग्रह केला. मी जेवलो. पोटभर. दुपारी पाना परत ठेवायला डिकी उघडली तेव्हा डबी दिसली.

पवनानगरला पोचलो तेव्हा मेणबत्त्या नव्या लावलेल्या होत्या. पहिल्या जळून संपल्या होत्या.

"आलास का रे," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "मला वाटलं, पडलास की काय कुठं."

"मिस्सा लांबली," मी म्हणालो. "फादरांना जरा बरं नव्हतं."

"अगं बाई. वय झालं त्यांचं. दगदग होते." त्यांनी हात जोडले. मी 'ख्रिस्ताचे शरीर' म्हटलं, त्यांनी 'आमेन' म्हटलं. त्यांच्या कोरड्या पडलेल्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद चिकटला. तो गिळायला पाणी मीच पाजलं.

निघताना शेजारीण स्कूटरपाशी आली. "आज देवाला लय कामं व्हती जनू," ती हळूच म्हणाली. "आमचं मालक त्याच बंगल्यावर गवत काढाय गेलतं. मी न्हाई सांगत मावशीला. तुमी सांगा."

मी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात धंद्याचं कारण देऊन डबी परत केली आणि ते काम सोडलं. पापनिवेदनाला गेलो, तेव्हा फादरांनी सगळं ऐकून घेतलं. क्षमा दिली, आणि म्हणाले, "आता तिच्याकडेही जा." मी 'हो' म्हणालो आणि गेलो नाही.

दीड वर्ष मी कम्युनियन घेतलं नाही. फादरांनी अडवलं नव्हतं, माझेच पाय उठत नव्हते. रांग पुढं सरकायची, बाकावरचे लोक माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत जायचे, मी पाय आत घ्यायचो. परत येणाऱ्यांचे मिटलेले ओठ बघायचो. भूक म्हणजे काय ते मला तिथं कळलं, मधल्या ओळीत, खांबाजवळच्या बाकावर. घरी शर्टाचं वरचं बटण लावताना अजूनही हात छातीवर जायचा. तिथं काही नसायचं.

गेल्या महिन्यात शेजारणीचा फोन आला. "बुधवारी लेक न्यायला येनारंय मावशीला, तिकडं नगरला. बोलायचं आसंल तर या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मंगळवारी गेलो. गळ्यात काही नव्हतं, तरी सावकाश गेलो. शेजारणीनं मला पाहिलं, चपला काढल्या नाहीत, नुसती बाजूला झाली. मावशी खूप बारीक झाल्या होत्या. मला ओळखून हसल्या.

"फादरांची तब्येत कशी आहे रे? तू सांगितलंस ना त्या दिवशी, तेव्हापासून रोज रोझरीची एक माळ त्यांच्यासाठी करते. एक दिवस चुकवला नाही."

मी त्यांच्या पलंगाशी खाली बसलो.

"मावशी, त्या दिवशी मिस्सा लांबली नव्हती. फादर धडधाकट होते. मी बंगल्यावर गीझर दुरुस्त करत होतो. ख्रिस्तप्रसाद गाडीच्या डिकीत टाकला आणि विसरलो. तुम्ही उपाशी वाट बघत होतात आणि मी तिथं जेवत होतो. मग तुमच्याशी खोटं बोललो, तेही फादरांच्या नावावर. इतके दिवस तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."