विरोधात कोण?

सराव संपल्यासंपल्या क्रीडा समितीनं सगळ्यांना मैदानामागच्या सभेच्या खोलीत बोलावलं. कापितोलिनाला स्केट्स काढायलासुद्धा वेळ दिला नाही मेल्यांनी! पात्यांवर लाकडी टोपणं चढवून ती ठकठक करत आली आणि बाकावर बसली.

बर्फावरच्या नृत्यात नऊ वर्षं ती आणि ग्लेब ही जोडी देशाची. तीन वेळा युरोपात पहिली. तिच्या शहरातल्या, स्वेर्दलोव्स्कच्या भाजीवाल्यासुद्धा तिला रांगेत पुढे घ्यायच्या. आणि आता पुढच्या महिन्यात जागतिक स्पर्धा, तर समितीला साक्षात्कार झाला की बाई एकतिसाव्या वर्षी म्हातारी झाली. ग्लेब तिच्याच वयाचा, पण तो मात्र कोवळा! त्याच्यासोबत आता अठरा वर्षांची नेल्ली नाचणार होती.

"संघाच्या भल्यासाठी," अध्यक्ष प्रोखोर दनिलोविच म्हणाले. "कापितोलिना सेर्गेयेव्ना, तुमची चेल्याबिन्स्कला सोय केलीय. मुलांना शिकवा. ठरावाच्या बाजूने कोण?"

हात वर झाले. प्रशिक्षक आल्बिना मार्कोव्नाचा झाला, ज्या बाईनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. आणि मग, खाली मान घालून, ग्लेबचा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच खोलीत, ग्लेबचा पाय मोडला होता त्या वर्षी, समितीनं तिला सांगितलं होतं, दुसरा जोडीदार घे. ती म्हणाली होती, घेणार नाही, थांबेन. आठ महिने थांबली! एक अख्खा हंगाम घालवला त्या गाढवासाठी.

"विरोधात?" अध्यक्षांनी नुसतं रीत म्हणून विचारलं. या प्रश्नाला कधी कुणी मान वर करून बघायचं नसतं. चिटणीस तर बघतही नव्हता. त्यानं 'एकमताने' असं घरूनच लिहून आणलं होतं.

"मी," कापितोलिना म्हणाली आणि हात वर केला.

"अहो, तुमच्याच बाबतीतला ठराव आहे."

"म्हणूनच ना! दुसऱ्याच्या बाबतीत मीही तुमच्यासारखीच बसले असते."

"लिहून झालंय," चिटणीस पुटपुटला.

"मग खोड!"

तो खोडेना. ती उठली, ठकठक करत टेबलापाशी गेली, त्याच्या हातातलं पेन हिसकावलं, 'एकमताने' या शब्दावर आडवी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: विरोध, एक. खाली पूर्ण नावाची सही ठोकली. 

"आता चेल्याबिन्स्कही गेलं तुमचं," प्रोखोर दनिलोविच शांतपणे म्हणाले. "कुठल्याच बर्फावर उभं करणार नाही तुम्हाला कुणी."

"नका करू."

बाहेर कपडे बदलायच्या खोलीशी ग्लेब तिच्या मागोमाग आला. रडवेला होऊन त्यानं तिला घरगुती नावानं हाक मारली.

"कापा, हे काय करून बसलीस गं? मी हात वर केला नसता तर मलाही काढलं असतं. समजून घे ना."

ती बाकावर बसून नाड्या सोडत होती. गाठ सुटत नव्हती. तो सवयीनं वाकला आणि तिच्या पायाला हात घालू लागला, तसा तिनं पाय मागे ओढला.

"हात लावू नकोस. समजलंय रे मला सगळं. समजलं नसतं तर बरं झालं असतं, नुसती रडून मोकळी झाले असते."