गुपचुपचं पाणी

नसीमबाई गेली हे मला ढाणकीच्या बाजारात वांगी निवडताना कळलं. भाजीवाली म्हणाली, "तुमची अंगणवाडीवाली बाई गेली म्हनते सकाळी." मी म्हटलं, "बरं." वांगी घेतली, घरी आले, भाजी केली, जेवले. त्याला दीड महिना झाला. रडू अजून आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही...

ती आमच्या गावची अंगणवाडी सेविका, आणि मी शाळेच्या फाटकापाशी गुपचुपची गाडी लावणारी. शहरात त्याला पाणीपुरी म्हणतात. कापूस पिकूनही हाती काही लागत नव्हतं अशी ती वर्षं. बाया दिवस उगवायच्या आत दुसऱ्याच्या वेचणीला जात, पोरांच्या हातावर सुटे पैसे ठेवून. पोरं माझ्याकडे येत. डाळ-भाकरीच्या जागी गुपचुप. नसीमबाई दर महिन्याला पोरांची वजनं करायची आणि तणतणत माझ्याकडे यायची.

"कमला, एकाच बादलीत सगळ्यायच्या थाळ्या इसळतं तू. हात बी त्यातच. पोरायले हगवण लागते, मंग खाल्लेलं अंगी कसं लागन?"

"पाणी दोनदा फडक्यानं गाळतो मी. आन् चिंचेच्या आंबटात किडा जगते काय? तू तुया वजनकाटा पाय."

"त्या बादलीतलं तू पेशीन काय?"

"मी काय म्हैस आहो?"

पोरं हसली. मीही हसले.

माझी नात पिंकी तेव्हा चार वर्षांची. दिवसभर गाडीशीच, मागेल तेव्हा खायची. मला वाटे, पोर खाऊनपिऊन आहे. वजन मात्र वाढत नव्हतं. एका दिवशी तिला जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत डोळे खोल गेले. नसीमबाई धावत आली. दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत चमच्याचमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसली. मधेच तिनं विचारलं, "पोरगी कोठचं पाणी पेली?" पिंकी माझ्याच बादलीतलं प्यायली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, हटकलं नव्हतं. मी म्हटलं, "शाळेच्या हापशीचं."

पिंकी वाचली. नसीमबाईनं माझ्या शब्दावर हापशी बंद करायला लावली, पाणी तपासायला पाठवलं. तोवर पोरांनी लांबच्या विहिरीवरून पाणी आणलं. मग एका दुपारी ती गाडीशी आली. "हापशीत काही निघालं नाई, कमला." इतकंच बोलली. बादलीकडे पाहिलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी उकळायला लागले. थाळ्या काढून टाकल्या, पळसाच्या पानांचे द्रोण आणले. लहान पोरांना उकडलेल्या शेंगाच द्यायची. आम्ही दोघी त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

परवा तिच्या घरी बसून आले. तिच्या लेकीनं चहा दिला. म्हणाली, "खाला, अम्मी सगळ्यायले सांगे, बाहेर खायचंच असन तं कमलाच्या गाडीवर खा. तिचं काम साफ राह्यते." मी चहा प्यायले. तिला सांगायचं होतं, सांगितलं नाही.

म्हणून इथं पेपरात लिहिते. ते पाणी माझं होतं. पिंकीला हे ठाऊक नाही. आजीनं मले वाचवलं, असं ती सासरी सांगते. तिच्या घरी पेपर येतो.