व्यंगचित्रातली कुबडी

ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून गेलेलं नाही. चिखली तालुक्यातल्या एका गावी मी ठाणेदार होतो. निवडणूक तोंडावर होती. गावातले चित्रकलेचे एक शिक्षक स्थानिक साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत. त्यांनी तिथल्या धडधाकट पुढाऱ्याला लंगडत चालताना दाखवलं. त्याच्या काखेतल्या कुबडीला ठेकेदाराचा चेहरा होता आणि खाली ओळ, 'विकास निघाला'. मोबाइलवरून चित्र गावभर फिरलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी सरांच्या खिडकीच्या काचा फुटलेल्या दिसल्या, दाराला डांबर फासलेलं. विरोधकांनी बाजार बंदची हाक दिली. पुढाऱ्याची माणसंही चौकात जमू लागली. दोन्हीकडे हातात काठ्या होत्या.

खबऱ्याने एका कार्यकर्त्याचं नाव दिलं. त्याला बोलावलं, तर मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "म्याच केलं साहेब. भाऊची बदनामी आमी सहन नाई करत."

गुन्हा केलेला माणूस सहसा आधी नाकारतो. हा मात्र फोटोला बसल्यासारखा बसला होता.

"डांबर कुठे कुठे लावलं?"

"पुऱ्या दाराले, साहेब."

प्रत्यक्षात दाराची एकच फळी काळी होती. या गड्याला फक्त भाऊंच्या नजरेत भरायचं होतं.

मी पुन्हा सरांच्या घरी गेलो. अंगणातल्या ओल्या मातीत एकाच पायाची पावलं होती आणि त्यांच्या बाजूने गोल ठसे. कुबडी घेऊन तसा चालणारा माणूस गावात एकच होता, बसस्टँडजवळचा टेलर.

"मले काय माईत?" तो म्हणाला. मी ठशांबद्दल बोललो, तेव्हा त्याने मशीन थांबवलं.

"पुढाऱ्याले हसा ना साहेब, मले काऊन हसता? चित्र आलं तवापासून पोट्टे मले पाहून 'विकास निघाला' म्हणून राह्यले. माही पोरगी शाळेत जायाले तयार नाई."

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हा माणूस माह्या ध्यानातच नव्हता." पुढे कोर्टाच्या परवानगीने त्यांनी तडजोड केली. टेलरने दार स्वतः घासून रंगवून दिलं. चौकातली गर्दी तर खरा प्रकार कळला त्याच दिवशी पांगली होती.

त्यानंतर कुठल्याही भांडणात, ज्याचं नाव कोणीच घेत नाही अशा कोणाला लागलंय का, हे मी आधी पाहू लागलो. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडलं.

निवृत्तीनंतर शेगावला दर्शनाच्या रांगेत सर भेटले. त्या चित्राचा पस्तावा होतो का, असं मी विचारलं.

"पुढाऱ्यावर काढलं त्याचा नाई," ते म्हणाले. "तो तसाच होता. कुबडी मात्र मले सोपी सापडली म्हणून काढली. आता काढलं तं त्याले ठेकेदाराच्या खांद्यावर बसवीन."

"टेलर काय म्हणतो?"

"माहे कपडे तोच शिवते," सर म्हणाले. "चांगले शिवते. पण माप घेताना अजूनबी बोलत नाई."