अष्टमीचा रंग

हिंजवडीला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये त्या बाई रोज माझ्या पुढच्या सीटवर बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. नवरात्रात त्या बसभर फिरून उद्याच्या साडीचा रंग जाहीर करायच्या. तो त्यांना देवी कळवायची की साडीचं दुकान, देव जाणे.

अष्टमीला राखाडी निघाला.

"महिषासुराला मारलं तेव्हा देवी राखाडीच नेसली होती," त्या म्हणाल्या.

"आपण होतात का तिथे?" मी विचारलं. त्यांनी नाक मुरडलं.

ऑफिसच्या दारात सगळ्या राखाडी साड्या फोटोसाठी उभ्या राहिल्या. फरशी पुसणाऱ्या मावशीही हसत कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा गणवेश बारा महिने राखाडी.

बाईंनी पदर सारखा केला. "मावशी, जरा बाजूला व्हा हं. आज देवीचा रंग घातलेल्यांचाच फोटो आहे."