पाळणाघरातली दुपार

अकरावीला मी बालसंगोपनाचा व्यावसायिक अभ्यासक्रम घेतला होता. सकाळी कॉलेज आणि दुपारी प्रात्यक्षिकासाठी पाळणाघर. तिथली मुलं जेवण झालं की मुकाट्यानं आडवी व्हायची. सांभाळणाऱ्या मावशी म्हणायच्या, "बघ, याला शिस्त म्हणतात. शिकून घे."

मुलं निजली की खोली कशी सैल होते. कुणी लाथ मारतं, कुणाचं तोंड उघडं राहतं. ही खोली मात्र ताठ होती. कुणीही कूस बदलत नव्हतं.

चार वर्षांच्या ओमच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. मी वाकून विचारलं, "जागा आहेस ना रे?"

"मी झोपलोय," तो डोळे न उघडता कुजबुजला. "मावशींना सांगू नको."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जपून बोल. प्रात्यक्षिकाचे मार्क त्यांच्याच हातात आहेत."

तरी संध्याकाळी ओमची आई त्याला न्यायला आली, तेव्हा फाटकातच मी तिला सगळं सांगितलं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"ओम, मावशी रागावतात का रे?"

ओमनं माझ्या मागे पाहिलं. मग पाठ केलेली कविता म्हणावी तसा म्हणाला, "मावशी खूप चांगल्या आहेत."

तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर एक हात पडला, अगदी मायेनं.